उकंडरावांचं प्रॅक्टिकल

आमच्या शेजारचे उकंडराव घरी आलेल्या पाहुण्याची चप्पल लपवतात. सगळ्याच पाहुण्यांची नाही, मुलगी पाहायला आलेल्या नवरदेवाची तेवढी. पोहे झाले, चहा झाला, मुलीनं नाव-गाव-शिक्षण सांगून झालं की मंडळी समाधानानं उठून दारात येतात, आणि तिथे मुलाची चप्पल नसते. उकंडराव खांबाला टेकून सुपारी कातरत मुलाच्या तोंडाकडे बघत असतात. त्यांच्या मते मुलाखत आता सुरू होते. आत बैठकीत झाली ती नुसती थेअरी.

मुलगी कुणाचीही असो, हे प्रॅक्टिकल घ्यायला उकंडरावांना बोलावणं जातं. आमचं मालेगाव म्हणजे वाशीम रस्त्यावरचं. त्या दुसऱ्या मोठ्या मालेगावाशी आमचा काही संबंध नाही, आणि ही गोष्ट आम्हाला जन्मभर सांगत फिरावी लागते. तर इथे मुलगी दाखवायची ठरली की ब्राह्मणाला मुहूर्त विचारतात, आचाऱ्याला पोह्यांचा अंदाज विचारतात आणि उकंडरावांना विचारतात, काका, येता ना?

उकंडरावांचा मळा गावाला लागून आहे. वांगी, मेथी, चवळी आणि सांभार. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. शिक्षण सातवीपर्यंत. उकंडरावांनी शाळा सोडली की शाळेनं उकंडरावांना, याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण शिकलेल्या माणसाविषयी त्यांना मनापासून कुतूहल आहे. पिंजऱ्यातल्या पोपटाकडे मुलं जशी बघतात तसे ते पदवीधराकडे बघतात. हा बोलतो तर छान, पण दार उघडलं तर उडेल का, असा त्यांचा चेहरा असतो.

"पुस्तकातलं नका सांगू, रस्त्यावरचं सांगा," हे त्यांचं पालुपद. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्त येतं. मी इथे राहायला आलो त्या आठवड्यातच माझं प्रॅक्टिकल झालं. सकाळी उकंडराव फाटकाशी आले, हिरवागार कढीपत्ता होता हातात. मी भाव विचारला, त्यांनी सांगितला, मी दिला. बायको आतून आली, तिनं परसात नजर टाकली आणि म्हणाली, आपलं झाड कुणी ओरबाडलं हो? उकंडरावांनी पैसे लगेच परत केले, पण पानं माझ्या हातात ठेवताना अगदी नम्रपणे विचारलं, "अर्थशास्त्रात याले काय म्हन्तात सर?"

तेव्हापासून आमची दोस्ती आहे. एवढंच नाही, तर त्यांनी मला सहपरीक्षक करून टाकलं. थेअरी तुम्ही घ्या, प्रॅक्टिकल मी घेतो, असं कामाचं वाटप. मी बैठकीत बसून मुलाला विषय कोणता, प्रबंध कशावर, पुढे काय विचार, असले प्रश्न विचारतो. मुलगा फडाफडा उत्तरं देतो. त्याचा मामा प्लॅस्टिकमध्ये मढवलेल्या गुणपत्रिका काढतो. उकंडराव एकही गुणपत्रिका हातात घेत नाहीत. एकदा मी त्यांना कारण विचारलं.

"डिगरी हारावली तं झेराक्स भेटते," ते म्हणाले. "चप्पल हारावली तं मानूस घरी कसा जाते, ते पाहा लागते."

आणि खरं सांगतो, माणसं घरी फार निरनिराळ्या तऱ्हेनं जातात. एक इंजिनिअर होता. चप्पल नाही म्हटल्यावर त्यानं रिकाम्या जागेचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तराची वाट बघत पायरीवर बसून राहिला. एक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा होता. त्यानं चोरी आणि अपहार यांतला फरक कलमासकट सांगितला आणि मोज्यांवर बसस्टँडपर्यंत गेला. एका डॉक्टरेटवाल्यानं चूक आपलीच असेल असं समजून सगळ्यांची माफी मागितली. उकंडराव प्रत्येकाच्या मागे मान हलवायचे आणि मुलीच्या बापाच्या कानात एकच शब्द सांगायचे. नापास.

डिस्टिंक्शन फक्त एकाला मिळालं. त्यानं चप्पल नाही हे पाहिलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि उकंडरावांचीच नवी कोरी चप्पल पायात सरकवून सगळ्यांना राम राम करून चालता झाला. उकंडरावांचे डोळे भरून आले. हा पोट्टा उपाशी मरणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि आपली सख्खी पुतणी त्याला देऊन टाकली. या जावयानं पुढे सासऱ्याची मोटरसायकलही तशीच राम राम करून नेली, ती अजून आलेली नाही. तो विषय निघाला की उकंडराव त्यालाही व्यवहारज्ञानच म्हणतात, पण आवाज बारीक होतो.

घरातसुद्धा शाळा चालूच. रोज मळ्यातून बायकोला फोन लावायचा आणि आवाज बदलून, मी बँकेतून बोलतो, तुमच्या मोबाइलवर नंबर आला तो सांगा, असं म्हणायचं. काकू पहिल्यांदा घाबरल्या होत्या. आता त्या, नंबर गॅसवर ठेवला हाये, उतू जाऊन राह्यला, घरी येऊन घेऊन जा, असं म्हणून फोन ठेवतात. मुलगी वर्षा एम.एस्सी. झाली, आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तिला ते निघतानिघता सांगत, आज संप आहे, बस बंद आहे, सुट्टी जाहीर झाली. ती खात्री करते की नाही हे बघायचं. आता त्या घरात कुणी बाहेर पाऊस आला म्हटलं तर बाकीचे आधी हात बाहेर काढून बघतात.

आणि मग उकंडरावांचा निकाल एकाएकी वाढला.

मुलं धडाधड पास व्हायला लागली. चप्पल गेली की पिशवीतून दुसरी काढायची. दुसरा पेपर होता तो बाजाराचा. मुलाला सांभाराचं पोतं देऊन आठवडी बाजारात बसवायचं आणि ऊन चढायच्या आत विकून ये म्हणायचं. तर पोतं घेऊन गेलेला मुलगा चहा थंड व्हायच्या आत रिकामं पोतं झटकत परत यायचा. उकंडराव हरखून गेले. नवी पिढी सुधारली, असं मला येता-जाता सांगायला लागले.

मला खरी गोष्ट ठाऊक होती, कारण आमच्या शिक्षणक्षेत्रात ती फार जुनी आहे. पेपर फुटला होता. बसस्टँडजवळचा एक चहावाला येणाऱ्या नवरदेवांना अपेक्षित प्रश्नसंच तोंडी सांगायचा. त्याला त्यानं नावही दिलं होतं, उकंडराव पॅटर्न. चप्पल पिशवीत ठेवा. मामाला आधी बाजारात उभा करा, तोच अख्खं पोतं घेईल. गप्पांत म्हाताऱ्यानं खोटा भाव सांगितला तर हसा, त्याला बरं वाटतं. ज्या माणसानं घोकंपट्टीवर जन्मभर तोंडसुख घेतलं, त्याच्या प्रॅक्टिकलचीही मुलं घोकंपट्टी करून येत होती. मी गप्प बसलो. निकाल वाढलेला असला की आमच्यात कुणी प्रश्न विचारत नाही.

अशात एक दिवस वर्षा माझ्याकडे आली. वाशीमच्या एका कॉलेजात प्रशांत नावाचा ग्रंथपाल आहे, मूळचा कामरगावचा, घरची शेती. ती तिथे पुस्तकं घ्यायला जायची. तो आता रीतसर पाहायला येणार होता.

"सर, मले हाच पाह्यजे," ती म्हणाली. "पन हा बाबाच्या प्रॅक्टिकलमंदी पडते."

मी काहून म्हणून विचारलं.

"याले खोटं बोलताच येत नाई. लॉटरी लागल्याचा मेसेज आला तं हा आभारी आहे म्हून उत्तर पाठवते."

मी चहावाल्याचं नाव सुचवलं. ती म्हणाली, चहावाल्याची गरज नाही, मीच सगळं प्रशांतकडून पाठ करून घेतलं. चप्पल, पोतं, मामा, सगळं. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती. बापाचा शब्द मोडून लग्न करायची तिची तयारी नव्हती, आणि प्रशांतशिवाय दुसऱ्या कुणाशी करायचीही नव्हती. उकंडराव नापास म्हणाले की संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

प्रशांत बाजाराच्या दिवशी वडील आणि मामांना घेऊन आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं छापलेल्या पुस्तकासारखं शुद्ध. त्यानं दारात चपला काढल्या, एकमेकींना लावून सरळ ठेवल्या, उकंडरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, आधी एक सांगणं माझं कर्तव्य आहे. आपण चप्पल लपवता हे मला आधीच कळलं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता बाद धरावा."

आत काहीतरी भांडं पडलं. मामांनी कपाळावर हात मारला. उकंडरावांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"कोनं सांगतलं?"

प्रशांतनं तेही सांगितलं. वर्षानं. मग विचारलं तसं पुढचंही सांगत गेला. पोत्याचा पेपरही फुटलेला आहे. माझे हे मामा मुद्दाम त्यासाठीच आले आहेत. बसस्टँडजवळ याचं मार्गदर्शन मिळतं असं ऐकून आहे. मी घेतलेलं नाही. मामा खिडकीबाहेर बघत होते. उकंडराव ऐकत होते, आणि त्यांची सगळी पास झालेली मुलं एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत असा त्यांचा चेहरा होत गेला. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"सर, पेपर फुटला हे इद्यार्थी सांगून राह्यला. आजवर कोन्या इद्यार्थ्यानं सांगतलं काय तुमाले?"

मी आजवर कुणीच नाही असं खरं उत्तर दिलं. मला ते माहीत होतं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विषय वाढवला नाही.

पण परीक्षक तो परीक्षकच. मामांना बैठकीतच बसवून ठेवलं आणि नवा पेपर निघाला. पोत्यात खाली कालचा मरगळलेला सांभार, वर आजचा ताजा. आतलं प्रशांतला सांगितलं नाही. ऊन चढायच्या आत विकून ये, एवढंच. मला देखरेखीला धाडलं.

बाजारात बसून प्रशांतनं पोतं ओतलं, खालचा सांभार पाहिला आणि त्याला वाईट वाटलं. उकंडरावांची कुणीतरी फसवणूक केली असं तो मला म्हणाला. मग त्यानं दोन ढीग केले आणि पहिल्या गिऱ्हाइकापासूनच सुरुवात केली, "ताई, हा आजचा आहे, हा कालचा आहे. कालचा घेऊ नये असं माझं मत आहे." शेजारच्या भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गिऱ्हाइकं येत, ऐकून घेत आणि आजच्यात पण काहीतरी खोट असेल अशा संशयानं पुढे जात. एका बाईनं भाव पाडला. तो बरं म्हणाला. सवयीनं तिनं आणखी पाडला. तो पुन्हा बरं म्हणाला. तेव्हा ती बाई इतकी घाबरली की जुडी ठेवून देऊन लगबगीनं निघून गेली.

ऊन चढलं. ताजा सांभारही मान टाकायला लागला, तेव्हा प्रशांतनं सगळा पुन्हा पोत्यात भरला. वाटेत मी त्याला सुचवलं, निदान घरी गेल्यावर ऊन फार होतं, गिऱ्हाईक कमी होतं, असं काही सांग. तो म्हणाला, गिऱ्हाईक पुष्कळ होतं सर. मला विकता आलं नाही.

घरी त्यानं अगदी हेच सांगितलं. उकंडरावांनी पोत्यात हात घालून पाहिलं.

"खालचा माल कालचा हाये, हे पाह्यलं नाई?"

"पाहिलं. सगळ्यांना सांगितलंही."

"लोकाईले सांगतलं?"

"हो."

उकंडरावांनी हात झटकले, कळवतो म्हणाले आणि मंडळींना बसपर्यंत सोडायला माणूस दिला. ते गेल्यावर दारातच, आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, नापास. वर्षा मधल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. मला उकंडरावांचा मनापासून राग आला. एका चांगल्या मुलीचं आयुष्य हा माणूस सांभाराच्या पोत्यावर तोलतोय, असं मला वाटलं, आणि मी ते त्यांना सांगायचं ठरवलं.

ते मळ्याकडे निघाले, तसा मी मागोमाग गेलो. उन्हं उतरली होती. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीपाशी ते बसले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आतल्या पेटीतून एक गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि पट्टी पुन्हा आत लपवली.

मी विचारलं, हे काय?

"मागच्या हिवाळ्यात," ते म्हणाले, "इथीसाच, या खोलीपाशी, पडलो होतो मी. छातीत अशी कळ आली का काय सांगू. घरी फोन लावला. म्हटलं, मले दुखून राह्यलं, लवकर ये. बायको म्हने, आज नवीन काढलं वाटते. अन् ठेवला. मंग वर्षाले लावला. ते हासली. म्हने, बाबा, मी क्लासमंदी हाओ, मी नाई फसत."

पुढे मला फारसं विचारावं लागलं नाही. शेजारच्या वावरातल्या दोघांनी त्यांना पाहिलं आणि मोटरसायकलवर मधे बसवून डॉक्टरकडे नेलं. हृदयाचं आहे, जपा, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ते चालत घरी आले.

"मग घरी काय सांगितलंत?"

"सांगतलं, पेपर होता. म्हटलं, तुमी दोघी बी पास." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "खरं सांगतलं असतं तं जलमभर मनाले खात बसल्या असत्या. त्याईची काय चुकी? म्याच शिकवलं त्याईले, कोनावर भरोसा ठेवू नका. पक्कं शिकल्या."

मी म्हणालो, आता तरी सांगा. ते हसले. आता सांगितलं तर खरं कोण मानेल, असं म्हणाले.

माझा राग केव्हाच निघून गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. त्याच्या घरी दोन माणसं होती, दोघींचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याच्या हाकेला ओ द्यायला एकही नव्हतं.

"तो पोट्टा नापासच हाये," उकंडराव म्हणाले. "बजारात त्याले कोनी बी इकून खाईन. त्याचं मी पाहून घेईन, जिता हाओ तोवर. पन सर, उद्या माह्या पोरीच्या छातीत कळ आली अन् तिनं हाक मारली, तं तो खरं का खोटं पाहात बसनार नाई. तो धावत सुटन. बाकीच्याईचं मले सांगता येत नाई. माह्या डिस्टिंक्शनवाल्याचं तं बिलकुल नाई."

मी म्हणालो, मग चला, वर्षाला सांगू.

ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तुमी जाऊन सांगा. मी सांगतलं तं तिले वाटन, हा बी पेपरच हाये."

मी निघालो. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर तेही दूर अंतर ठेवून येत होते. घरी दार वाजवून मी वर्षाला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की बाबा हो म्हणाले.

"तुमाले बाबानंच पाठवलं ना सर?"

"हो."

"मंग हा कोनता पेपर हाये?"

गोळ्यांचं सांगायचा मला अधिकार नव्हता, आणि त्याशिवाय तिची खात्री कशी पटवायची ते अर्थशास्त्रात नव्हतं. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. उकंडराव फाटकापाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होते. काकूंनी त्यांच्याकडे घटकाभर नीट बघून घेतलं.

"पेपर नाई व बाई," त्या म्हणाल्या. "तुया बापाले सगळे सोंगं येतात, रडाचं येत नाई. जाय, त्याच्यापाशी जाय."

वर्षा गेली. काकू दारातच उभ्या राहिल्या, आणि मग त्याही गेल्या.